वाचकांचे प्रश्न : स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकताना

स्पेनमध्ये काही महिने राहून स्पॅनिश शिकू इच्छिणाऱ्या, किंवा सध्या तेथे शिकत असलेल्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत सालामांका या शहराचा उल्लेख आहे आणि माझा स्वतःचा परिचयही त्याच शहराशी अधिक असल्यामुळे उत्तरांतील उदाहरणे मुख्यतः तेथली आहेत.

प्रश्न : माझी स्पॅनिशची ए२ पातळी (ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांपैकी दुसरी) पूर्ण झाली असून पुढील वर्षी तीन महिने स्पेनमध्ये शिकण्याचा विचार आहे. माद्रिद, बार्सेलोना, सेव्हिया आणि सालामांका यांपैकी कोणते शहर निवडावे? सालामांकाची स्पॅनिश सर्वांत शुद्ध असते, असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : ‘सर्वांत शुद्ध स्पॅनिश’ हा दावा जाहिरातींत वारंवार दिसतो, परंतु शहर निवडण्यासाठी तो आधार धरू नये. कास्तियामध्ये, म्हणजे सालामांका ज्या प्रदेशात येते तेथे, ‘प्लाथा’, ‘ग्राथियास’ असा जिभेचे टोक दातांमध्ये आणून केलेला उच्चार ऐकू येतो. सेव्हियामध्ये आणि साऱ्या लॅटिन अमेरिकेत त्याच शब्दांना ‘प्लासा’, ‘ग्रासियास’ म्हणतात, आणि सेव्हियात तर शब्दाच्या शेवटचा ‘स’ही अनेकदा श्वासात विरून जातो. यांपैकी एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध, असे काहीही नाही. फरक आहे तो एवढाच, की ए२ पातळीच्या विद्यार्थ्याच्या कानाला कास्तियातील उच्चार पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीशी जुळणारे वाटतात आणि पहिल्या काही आठवड्यांतला धीर टिकतो. बार्सेलोना हे विलक्षण सुंदर शहर आहे, पण तेथे कातालान हीसुद्धा राजभाषा आहे. रस्त्यांवरच्या पाट्या, शाळा, शेजाऱ्यांचे आपापसांतले बोलणे यांत ती सतत भेटते. तीनच महिने हाताशी असतील, तर नवशिक्याने त्याचा विचार करायला हवा.

माझ्या मते उच्चारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न शहराच्या आकाराचा आहे. तीच माणसे तुम्हाला पुन्हापुन्हा भेटतील का, हे पाहावे. माद्रिदमध्ये तुम्ही अनेक महिने अनोळखी राहू शकता. सालामांकाची लोकसंख्या दीड लाखाच्या आत आहे आणि जुने शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासाच्या आत पायी ओलांडता येते. त्यामुळे फळवाली, ग्रंथपाल, कोपऱ्यावरच्या बारमधला माणूस यांच्याशी ओळख होणे जवळजवळ अटळ असते. येथील विद्यापीठ १२१८ मध्ये स्थापन झाले आणि १४९२ मध्ये कास्तियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे आंतोनियो दे नेब्रिखा याच विद्यापीठात शिकले व पुढे तेथेच शिकवत होते. परदेशी विद्यार्थ्याची अडखळत बोललेली भाषा शांतपणे ऐकून घेण्याची येथील लोकांना सवय आहे, आणि मला ही बाब फार मोलाची वाटते.

एक सूचना मात्र अवश्य करीन. जुलै-ऑगस्टमध्ये जाणे टाळता आले तर टाळा. त्या महिन्यांत स्पॅनिश विद्यार्थी आपापल्या गावी गेलेले असतात आणि शहरात उरतात ते बहुतांशी तुमच्यासारखेच परदेशी विद्यार्थी.

प्रश्न : मी सध्या सालामांकात शिकत आहे. सकाळी नऊ ते एक वर्ग असतो. त्यानंतर थोड्याच वेळात दुकाने बंद होतात आणि रस्ते ओस पडतात. वर्गातील मुले जर्मनी, अमेरिका, ब्राझील अशी कुठकुठची आहेत. वर्गाबाहेर पडताच सर्वजण इंग्रजी बोलू लागतात. शहर तर पाहून झाले, पण स्पॅनिश वर्गापुरतीच राहिली आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘शहर पाहून झाले’ या वाक्यापाशी मी थांबले, कारण तुमच्या अडचणीचे मूळ मला तेथेच दिसते. प्लाथा मायोर हा मुख्य चौक, दोन्ही कॅथेड्रले, शिंपल्यांनी मढवलेली कासा दे लास कोंचास आणि तोर्मेस नदीवरचा रोमन पूल पाहायला दोन दिवस पुरतात. पाहण्यासाठी तोंड उघडावे लागत नाही. शहर वापरायला लागले, की मात्र बोलल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून नवी ठिकाणे शोधण्याऐवजी चार-पाच ठिकाणे ठरवून घ्या आणि तेथे ठरावीक वेळी पुन्हापुन्हा जा. पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता, दहाव्या दिवशी ‘ती पलीकडच्या घरात राहणारी मुलगी’ किंवा ‘तो मुलगा’ होता, आणि त्यानंतरच लोक तुम्हाला हवापाण्यापलीकडचे प्रश्न विचारू लागतात.

प्लाथा मायोरला लागूनच असलेल्या मध्यवर्ती मंडईपासून सुरुवात करता येईल. तेथे लोक रांग करून उभे राहत नाहीत. येणारा माणूस ‘क्येन एस एल उल्तिमो?’ म्हणजे ‘शेवटचे कोण?’ असे मोठ्याने विचारतो, कोणीतरी हात वर करते, आणि त्या व्यक्तीनंतर आपली पाळी असते. हा प्रश्न विचारल्याशिवाय तुम्हाला टोमॅटोसुद्धा मिळणार नाहीत. पाळी येईपर्यंत आजूबाजूच्या आजीबाई मटार कसे निवडावेत, कोणाचा मुलगा कोठे नोकरीला लागला, हे सारे बोलत असतात. श्रवणाचा याहून चांगला तास कोणतीही शाळा देऊ शकणार नाही. सुपरमार्केटमध्ये मात्र एक शब्दही न बोलता खरेदी होते, म्हणून शक्यतो तेथे जाऊ नका.

दुपारी दोन ते पाच शहर बंद असते, हे खरे आहे, परंतु दिवस संपलेला नसतो. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊ-दहाला होते. दिवसाचा दुसरा अर्धा भाग संध्याकाळी सहानंतर सुरू होतो. तुम्ही दीड वाजता जेवून, सात वाजता स्वयंपाक करून खोलीत बसत असाल, तर शहर नेमके जागे होते तेव्हा तुम्ही आत असता. जेवणाच्या वेळा तेथल्यासारख्या करून पाहा. मधल्या शांत तासांत गृहपाठ करावा, वाचावे किंवा सरळ विश्रांती घ्यावी. कासा दे लास कोंचासमध्ये सार्वजनिक वाचनालय आहे, हे पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही. त्याचे दुपारचे वेळापत्रक पाहून तेथे नियमित बसायला जाता येईल आणि स्थानिक वर्तमानपत्रांतल्या छोट्या बातम्या वाचता येतील. महानगरपालिकेचे वाद, पाण्याची कपात, शेजारच्या गावातली जत्रा हे विषय संध्याकाळी बोलायला उपयोगी पडतात.

ज्या वास्तू ‘पाहून झाल्या’, त्यांच्याकडेही पुन्हा जा, पण या वेळी प्रश्न घेऊन जा. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक कोरलेला आहे. जो विद्यार्थी तो कोणाच्याही मदतीविना शोधतो, तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी समजूत आहे. त्या बेडकाचा अर्थ बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा, मग दुसऱ्या कोणाला विचारा. दोघांची उत्तरे बहुधा वेगळी येतील. नव्या कॅथेड्रलच्या दारावरचा अंतराळवीर १९९२ च्या दुरुस्तीत कोरला गेला, आणि त्याविषयी प्रत्येक सालामांकाकराचे स्वतःचे मत असते. जुन्या भिंतींवर तांबड्या अक्षरांत विद्वानांची नावे आणि विजयाचे चिन्ह रंगवलेले दिसते, त्यांना ‘व्हितोर’ म्हणतात. पूर्वी डॉक्टरेट मिळवणाऱ्यांची नावे अशी लिहिली जात. ती वाचत भिंतीकडेने चालणे हा वाचनाचा उत्तम सराव आहे.

आता वर्गमित्रांविषयी. जर्मन आणि ब्राझिलियन मुलांशी स्पॅनिशमध्ये बोलणे कमी दर्जाचे आहे, असे समजू नका. तुमच्या सर्वांची पातळी सारखी असल्यामुळे एकमेकांच्या चुकांची भीती वाटत नाही. एखादा दिवस असा ठरवा, की त्या दिवशी शाळेच्या दारापासून रात्रीपर्यंत फक्त स्पॅनिशच बोलायची, आणि दोघे जरी तयार झाले तरी सुरुवात करा. विद्यापीठाच्या सूचनाफलकांवर ‘इंतरकांबियो’ची, म्हणजे भाषेच्या देवाणघेवाणीची, कागदी निवेदने लागलेली असतात. समोरच्याला बहुधा इंग्रजी हवी असते; अर्धा तास त्याला प्रामाणिकपणे इंग्रजी द्या आणि अर्धा तास स्पॅनिश घ्या. वेळ घड्याळ लावून वाटून घेतली नाही, तर ज्याची दुसरी भाषा अधिक पक्की असेल, त्याच्या सोयीने संपूर्ण तास इंग्रजीतच जातो. याहूनही परिणामकारक म्हणजे ज्या गटाचा हेतू भाषा शिकणे हा नाही, अशा गटात सामील होणे : गायनवृंद, डोंगरभटकंतीचा क्लब, महापालिकेच्या क्रीडाकेंद्रातला पोहण्याचा वर्ग. तेथे तुमचे क्रियापद चुकले म्हणून कोणी थांबत नाही, आणि तुम्हीही थांबत नाही.

केस कापायला जाणे, चपलेचा पट्टा शिवून घेणे, ‘एस्तांको’ नावाच्या तंबाखूच्या दुकानात टपालाची तिकिटे मागणे, औषधाच्या दुकानात घसा दुखतो हे समजावून सांगणे अशी स्पॅनिशशिवाय होणार नाहीत अशी कामे मुद्दाम अंगावर घ्या. त्या दिवशी लागलेले शब्द पुस्तकातल्या यादीपेक्षा कितीतरी अधिक काळ लक्षात राहतात.

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी चार महिन्यांसाठी सालामांकाला जाणार आहे. ती शाकाहारी आहे. तिने एखाद्या कुटुंबात राहावे की इतर विद्यार्थ्यांबरोबर फ्लॅट घ्यावा? रात्री उशिरा बाहेर राहण्याच्या तेथील पद्धतीची मला काळजी वाटते.

उत्तर : पहिला महिना कुटुंबात आणि पुढचे तीन महिने स्पॅनिश विद्यार्थिनींबरोबरच्या फ्लॅटमध्ये, अशी विभागणी मी सुचवीन. कुटुंबातल्या जेवणाच्या टेबलावर भाषा सर्वांत लवकर रुजते. तेथे दूरदर्शनवरच्या बातम्यांवर वाद होतात, नातवंडांचे फोन येतात, आणि मुलीला कोणीतरी ‘आज काय केलेस?’ असे रोज विचारते. परंतु शाळेकडून कुटुंब निश्चित होण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. त्याच घरात आणखी किती परदेशी विद्यार्थी असतील, जेवण सर्वजण एकत्र करतात की विद्यार्थ्यांना वेगळे वाढले जाते, आणि शाळेपर्यंत पायी किती वेळ लागतो? तीन परदेशी मुली एका घरात असतील, तर रात्रीच्या टेबलावर इंग्रजीच चालते आणि कुटुंबात राहण्याचा हेतू निम्मा फसतो. पुढे फ्लॅट घेताना तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, हे तिला आवर्जून सांगा.

शाकाहाराबाबत आधीच लेखी कळवणे आवश्यक आहे, आणि नुसते ‘शाकाहारी’ हा शब्द पुरेसा नाही. सालामांका हा डुकराच्या मांसाचा प्रांत आहे. जवळच्या गिखुएलोचे हॅम देशभर प्रसिद्ध आहे. ‘मांस नको’ म्हटल्यावर सॅलडवर ट्यूना मासा किंवा मसूरात चोरिथोचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा येणे अगदी नेहमीचे आहे, कारण अनेकांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे मांसाचा मोठा तुकडा. म्हणून तिने ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’ (मी मांस, मासे किंवा हॅम खात नाही) असे पूर्ण वाक्य पाठ करावे, आणि अंडे चालते की नाही तेही सांगावे. अंडे चालत असेल तर बटाट्याचे ऑम्लेट कोणत्याही बारमध्ये मिळते. कडधान्ये, भाज्या, चीज आणि फळे मंडईत विपुल मिळतात, त्यामुळे फ्लॅटमध्ये गेल्यावर हा प्रश्न बराच सुटतो.

उशिरा बाहेर राहण्याविषयी आपल्या मनात जे चित्र असते, ते तेथे लागू होत नाही. रात्री अकरा वाजता प्लाथा मायोरमध्ये आजीआजोबा आणि लहान मुले यांच्यासह कुटुंबे फिरत असतात. मित्रमैत्रिणी चौकातल्या घड्याळाखाली भेटायचे ठरवतात. गर्दीत फोन आणि पाकीट सांभाळणे, पहाटे एकटीने न परतणे, आणि आपत्काळासाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवणे एवढी दक्षता तिने नक्की घ्यावी. हिवाळ्याची तयारी मात्र तुम्ही नीट करून द्या. शहर सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली जाते.

प्रश्न : वर्गात शिक्षकांचे सारे समजते, रस्त्यावर मात्र काहीच समजत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. शिक्षक तुमच्या पातळीला उतरून बोलतात; रस्ता उतरत नाही. रस्त्यावर ‘कान्सादो’चे ‘कान्साओ’ होते, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि लॅटिन अमेरिकेवर बेतलेल्या पुस्तकातून शिकला असाल, तर ‘बोसोत्रोस’ हे रूप आणि त्याची क्रियापदे तुम्हाला अनोळखी वाटतात. स्पेनमध्ये मित्रांच्या गटाला उद्देशून तेच वापरतात, म्हणून ते लवकर आत्मसात करा. मराठी विद्यार्थी आदरार्थी बोलण्याच्या सवयीने सर्वांना ‘उस्तेद’ म्हणतात. तुमच्या वयाच्या माणसाला ते परकेपणाचे वाटते. दुकानदारसुद्धा तुम्हाला ‘तू’ म्हणेल, त्यात अनादर नसतो. वयस्कर व्यक्ती आणि सरकारी कार्यालये यांच्यासाठी ‘उस्तेद’ राखून ठेवा.

मराठी जाणणाऱ्यांना काही गोष्टी आयत्या मिळतात आणि त्यांचा लाभ घ्यावा, असे मला मनापासून वाटते. स्पॅनिश ‘प’, ‘त’, ‘क’ हे मराठीतल्यासारखेच, हवेचा झोत न सोडता उच्चारले जातात. इंग्रजीभाषकांना यासाठी महिनोन्महिने झगडावे लागते. ‘मे गुस्ता’ची रचना ‘मला आवडते’सारखीच आहे. ज्या सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा, शंका अशा अर्थी येणाऱ्या क्रियापदरूपाची, सारा वर्ग धास्ती घेतो, त्याचा बराच भाग ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातल्या ‘यावेस’शी जुळतो. त्यामुळे व्याकरण इंग्रजीतून समजून घेण्याऐवजी मराठीतून समजून घेऊन पाहा. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘असणे’ अर्थाच्या दोन क्रियापदांच्या भेदाला मात्र मराठीत आधार नाही. तो सरावानेच येतो.

प्रश्न : शनिवार-रविवारी इतर शहरे पाहावीत की सालामांकातच थांबावे?

उत्तर : महिन्यातून एक-दोन वेळा जावे, प्रत्येक आठवड्याला नको. आविलाची मध्ययुगीन तटबंदी आणि थामोरामधील रोमनेस्क चर्चे रेल्वेने किंवा बसने एका दिवसात पाहून परतता येते. लिस्बन-पॅरिसच्या स्वस्त विमानांच्या मागे लागलात, तर रविवारची सकाळ, म्हणजे ओळखीची माणसे निवांत भेटण्याची वेळ, हातची जाते. ईस्टरच्या रविवारनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सालामांकाचे लोक ‘लुनेस दे आग्वास’ साजरा करण्यासाठी नदीकाठी आणि शेतावर सहभोजनाला जातात. त्या दिवशी तरी शहर सोडू नका. त्या दिवशी खाल्ला जाणारा ‘ओर्नाथो’ हा भाजलेला पाव मांस भरलेला असतो, हे शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : व्हिसासाठी कोणती तयारी करावी?

उत्तर : ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा पुरतो, त्यात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मर्यादा असते. त्याहून अधिक काळ शिकायचे असेल, तर स्पेनचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, त्यासाठी अभ्यासक्रम पूर्णवेळ असावा लागतो, आणि इन्स्तितुतो सेर्व्हांतेस या स्पॅनिशच्या प्रसारासाठीच्या सरकारी संस्थेची मान्यता असलेली संस्था निवडणे हिताचे. निर्वाहाच्या रकमेसाठी ‘इप्रेम’ हा सरकारी निर्देशांक धरतात. २०२५ मध्ये तो दरमहा ६०० युरो होता. त्याखेरीज आरोग्यविमा लागतो, आणि मुक्काम सहा महिन्यांपेक्षा अधिक असल्यास वैद्यकीय व पोलीस दाखला, तसेच स्पेनमध्ये पोहोचल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करणे आवश्यक असते. २०२५ च्या मे महिन्यात तेथे परदेशी नागरिकांविषयीची नवी नियमावली लागू झाली आहे, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावर विसंबू नका. वाणिज्य दूतावासाची चालू यादीच प्रमाण माना. नोकरी करून खर्च भागवू, हा हिशेब अर्ज करताना मुळीच धरू नये.

प्रश्न : डेले आणि सिएले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र-परीक्षांपैकी कोणती द्यावी?

उत्तर : कशासाठी हवी, त्यावर ते अवलंबून आहे. डेलेचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते, पण त्यासाठी ए१ पासून सी२ पर्यंतची एक पातळी आधी निवडावी लागते आणि त्याच पातळीत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवले जाते. सिएले संगणकावर होते, तिचा निकाल तीन आठवड्यांच्या आत लागतो आणि मिळालेल्या गुणांवरून पातळी ठरते; मात्र तिच्या प्रमाणपत्राला मुदत असते. विद्यापीठ-प्रवेशाच्या अर्जासाठी घाई असेल, तर सिएले द्या. तशी घाई नसल्यास बी१ किंवा बी२ ची डेले मला अधिक योग्य वाटते, कारण तिच्या तयारीत सलग लिहिण्याचा आणि परीक्षकासमोर बसून बोलण्याचा सराव होतो. डेलेची नोंदणी परीक्षेच्या कित्येक आठवडे आधी बंद होते, त्यामुळे परतीचे तिकीट काढण्यापूर्वीच परीक्षेच्या तारखा पाहून घ्याव्यात.